'बीइंग जुलिया' : पहिल्या प्रयोगाच्या रात्री जुलियाने केले ते योग्य होते का?

धागाकर्ता
इश्तवान साबो दिग्दर्शित 'बीइंग जुलिया' (२००४) पुन्हा पाहिला. १९३८ च्या लंडनमधील जुलिया लँबर्ट ही चाळिशी ओलांडलेली नटी टॉम नावाच्या तरुणाच्या प्रेमात पडते, तो एव्हिस या नवख्या नटीकडे वळतो आणि जुलिया तिलाच आपल्या नव्या नाटकात भूमिका मिळू देते. तालमींत ती एव्हिसला सांभाळून घेते. पहिल्या प्रयोगाला मात्र संहिता बाजूला सारून, पदरची वाक्ये घालत, तिला भर रंगमंचावर उघडे पाडते. प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणते. मला हे खटकले. समोरून ठरलेले वाक्य येईल हा भरवसाच उरला नाही, तर नवख्या नटीने उभे राहायचे कशाच्या जोरावर? जुलिया साकारणाऱ्या ॲनेट बेनिंगला ऑस्करचे नामांकन उगीच मिळाले नव्हते, हे मान्य. पण तिच्या अभिनयाच्या झगमगाटात सहनटीचा विश्वासघात झाकला जातो.

प्रतिसाद १
असहमत. जुलिया प्रत्येकासमोर एकेक भूमिकाच वठवते, हे तिच्या मुलालाही कळून चुकले आहे. तिचा गुरू जिमी लँगटन मेल्यानंतरही तिच्या कानाशी सूचना देत राहतो आणि त्याच्या लेखी रंगभूमी हेच एकमेव वास्तव आहे. अशा बाईला मनातले खरे बोलायला दुसरी जागा कोणती? शिवाय एव्हिस काही बिचारी नव्हे. ती टॉमच्या वशिल्याने आली होती.

प्रतिसाद २
मूळ कादंबरीत, म्हणजे सॉमरसेट मॉमच्या 'थिएटर'मध्ये (१९३७), जुलिया संहितेला हात लावत नाही. एव्हिस बोलत असताना ती फक्त एक लालभडक रुमाल हाताळत राहते आणि प्रेक्षकांची नजर त्या रुमालावरून हलत नाही. सीन खाण्याची ही तऱ्हा मला अधिक जहरी वाटते. चित्रपटाचे पटकथाकार रोनाल्ड हारवूड यांनी त्या प्रसंगाचा उगाच फटाका केला.

धागाकर्ता
रुमाल मला चालेल, तो कसबाचा भाग आहे. पदरच्या वाक्यांचे तसे नाही. दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाला एव्हिसने कोणती संहिता बोलायची? नाटक एका रात्रीचे नसते.

प्रतिसाद १
तो प्रश्न निर्माता आणि दिग्दर्शक असलेल्या नवऱ्याने सोडवावा! जुलिया त्या रात्री प्रयोगानंतरची मेजवानी टाळून, आजवरचे पथ्य मोडून, उपाहारगृहात एकटीच बिअर पीत बसली आहे.