खंड, महाद्वीप, उपखंड, द्वीपकल्प : मुलांना नेमकं काय सांगायचं?

नमस्कार मंडळी. मुलगी चौथीत आहे, मराठी माध्यम, आम्ही म्हापशाचे. सात खंडांची नावं तिला घडाघडा पाठ आहेत पण मोबाइलवर एका हिंदी व्हिडिओत तिने 'महाद्वीप' ऐकलं आणि तिथून प्रश्न सुरू झाले. द्वीप म्हणजे बेट, मग आशिया हे मोठं बेट का? बरं खंड म्हणावं तर आजी म्हणते पावसाने खंड पाडला, कपाटात विश्वकोशाचा तिसरा खंड आणि पेपरात भूखंड विकणे आहे. हे सगळे खंड एकच का? आणि मराठीत महाद्वीप लिहिलं तर चुकतं का?

----

ताई, खंड म्हणजे तुकडा, एवढं धरलं की बाकीचं सुटतं. पाऊस मधेच तुटला तर खंड पडला, मोठा ग्रंथ भाग करून बांधला की त्याचे खंड, जमीन तोडून विकली की भूखंड, आणि पृथ्वीवरच्या जमिनीचे जे मोठमोठे तुकडे ते भूगोलातले खंड. कुळाने भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, द्यायचा खंड असतो तो मात्र सध्या बाजूला ठेवा, तिथे अर्थ ठरवून दिलेली रक्कम किंवा भात असा आहे, मुलगी उगाच गोंधळेल.

महाद्वीप चूक नाही, पण मराठी पुस्तकांत खंड रुळलाय आणि माझ्या मते तोच जास्त बरोबर आहे. कारण द्वीप या शब्दातच पाणी आहे, द्वि आणि अप्, म्हणजे दोन बाजूंना पाणी. महाद्वीप म्हटलं की मूल नकाशात चारी बाजूंना समुद्र शोधायला लागतं, आणि युरोपच्या पूर्वेला समुद्र सापडतच नाही. तिथे उरल पर्वत, उरल नदी, कॅस्पियन आणि कॉकेशस. ही रेघ माणसांनी ठरवलेली आहे आणि उरलवर ती आली तीसुद्धा १८व्या शतकात, त्याआधी कितीतरी शतकं डॉन नदी ही सीमा धरत होते. आशिया आणि आफ्रिका तर सुएझपाशी जमिनीनेच जोडलेले, १८६९ साली सुरू झालेला कालवा माणसाने खणलेला. दोन अमेरिकांमधला पनामा कालवाही तसाच, १९१४ चा. खरोखर सगळीकडून पाणी असलेले खंड दोनच, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका. खंड हा शब्द पाण्याबद्दल काही बोलतच नाही, नुसता तुकडा म्हणतो, मग तो समुद्राने तोडलेला असो की माणसाने नकाशावर.

बेट दाखवायला लांब जायची गरज नाही. जुन्या गोव्याहून फेरीबोटीत बसवून दिवाडीला न्या, बोट सुटली की एका काठाची जमीन मागे जाते, मधे मांडवीचं गढूळ पाणी आणि समोर दुसरी जमीन, तिथे द्वीप शब्द कायमचा बसतो. कोकणीत बेटाला जुंवें म्हणतात, कुंभारजुव्याच्या नावात तेच आहे. आणि पणजी ज्या तिसवाडीत आहे ती तिसवाडीच मुळात बेट, एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला जुवारी आणि दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. पोर्तुगीज या भागाला इल्यास म्हणायचे, म्हणजे बेटंच.

----

मग ऑस्ट्रेलिया खंड आणि ग्रीनलंड बेट हे कसं काय? दोघांनाही चहूकडून पाणी आहे. माझा भाचा हेच विचारून भंडावतो.

----

भाचा बरोबर जागी बोट ठेवतोय. ऑस्ट्रेलिया सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलंड साधारण २२ लाख, म्हणजे आपल्या देशाहूनही लहान. पण नुसता आकार सांगून थांबू नका, ग्रीनलंड उत्तर अमेरिकेच्याच भूपट्टावर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यावर आहे, ऑस्ट्रेलियाचं तसं नाही. तरीसुद्धा कुठून पुढे खंड म्हणायचं हा शेवटी संकेतच आहे आणि मुलांना तसं सरळ सांगावं, त्यांना ते चांगलं कळतं.

उपखंड आणि द्वीपकल्प यांचीपण फार सरमिसळ होते म्हणून लिहितो. कल्प म्हणजे जवळजवळ तसं. द्वीपकल्प म्हणजे बेट होता होता राहिलेली जमीन, तीन बाजूंना पाणी आणि एक बाजू जोडलेली. भारताचा दक्षिणेकडचा भाग हा द्वीपकल्प. उपखंड म्हणताना पाकिस्तान, नेपाळ, भूतान, बांगलादेश हे सगळं धरून बोलतो, श्रीलंकासुद्धा त्यात घेतात, हिमालयाने उरलेल्या आशियापासून वेगळा केलेला खंडाचा पोटभाग. आणि इथे तुकडा हा अर्थ अगदी अक्षरशः खरा ठरतो. आपली जमीन पूर्वी आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया यांच्यासोबत एकत्र होती, त्या जुन्या महाखंडाला गोंडवन म्हणतात, नाव मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आपल्यापासून सुटलं, मग आपण उत्तरेकडे सरकत आशियाला जाऊन धडकलो आणि हिमालय उभा राहिला. अजून सरकतोच आहोत.

----

आमच्या शेजारचे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले, ते ठामपणे पाच खंड म्हणतात, नातू सात म्हणतो आणि रोज वाद. बरोबर कोण?

----

दोघेही. पोर्तुगीज, स्पॅनिश परंपरेत अमेरिका हा एकच खंड धरतात, आणि जिथे माणसांची कायमची वस्ती नाही ते अंटार्क्टिका सोडलं की पाच राहतात. ऑलिंपिकची पाच वर्तुळंपण याच हिशेबाची. आजोबांना त्यांचे पाच म्हणू द्या, नातवाने पेपरात सात लिहावेत.

अंटार्क्टिकाचं निघालंच आहे तर एक सांगतो, आपल्या मुलांना हा खंड सगळ्यात जवळचा वाटायला पाहिजे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती आणि मैत्री, भारती या तिथल्या तळांचं काम बघणारी संस्था आपल्या वास्कोत आहे. आर्क्टिक आणि अंटार्क्टिका यांत मुलं हमखास घोटाळा करतात. आर्क्टिक हा महासागर, वर बर्फ आणि खाली पाणी. अंटार्क्टिका हा खंड, वर बर्फ आणि खाली जमीन.

----

खूप आभार, मुलीला वाचून दाखवलं. आता तिचं म्हणणं की न्यूझीलंड कुठल्या खंडात घालायचं?

----

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीत ते येत नाही, म्हणून तो सगळा गट सांगताना ओशनिया म्हणतात, त्यात न्यूझीलंड, फिजी, पापुआ न्यू गिनी सगळे बसतात. वर्गात सातवा खंड ऑस्ट्रेलिया असाच शिकवत असतील तर उत्तरात ऑस्ट्रेलिया लिहू दे आणि न्यूझीलंडपुढे ओशनिया.