विषय: शनिवारची संक्रांत आणि मिशिगनची मिरवणूक

प्रेषक: चिटणीस
मंगळवार, ९ जानेवारी २०२४

मंडळी, नमस्कार.
काल रात्री मिशिगन विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ राष्ट्रीय विजेता ठरला आणि निम्मं मंडळ मध्यरात्रीपर्यंत जागं होतं, हे इनबॉक्स उघडताच कळलं. अभिनंदनाच्या मेल पुरे. आता कामाचं बोलू. हळदीकुंकू आणि तिळगूळ ठरल्याप्रमाणे शनिवारी, १३ तारखेला दुपारी चार वाजता. गुळाच्या पोळ्या माणशी दोन. बर्फाचे बूट दाराबाहेरच काढावेत. मागच्या वेळी कार्पेट धुवायचा खर्च मंडळावर पडला.

प्रेषक: कँटनकर काका
बुधवार, १० जानेवारी

चिटणीसताई, एक घोळ आहे. शनिवारी दुपारीच अ‍ॅन आर्बरला संघाची मिरवणूक निघणार आहे. १९९७ साली मी इथे विद्यार्थी होतो, एका खोलीत चौघे राहायचो. तेव्हाचं अजिंक्यपदसुद्धा नेब्रास्काबरोबर वाटून घ्यावं लागलं होतं. त्यानंतर थेट यंदा, १५ पैकी १५ सामने जिंकून. तारीख पुढे ढकलता येईल का? आणि संघाचा मेझ रंग म्हणजे मक्याचा पिवळा, हळदीकुंकवाला अगदी शोभेल.

प्रेषक: नोव्हायच्या वहिनी
बुधवार, १० जानेवारी

काका, मुळीच नाही. माझं सारण करून झालंय. शिवाय मिरवणूक कशाची? ज्या कोचला एका हंगामात दोनदा घरी बसवलं, त्याची? आमचे हे ओहायो स्टेटचे, म्हणजे मिशिगनच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांचे. ते सरळ म्हणतात, समोरच्या संघांच्या खुणा चोरून मिळवलेला मुकुट आहे.

प्रेषक: कँटनकर काका
बुधवार, १० जानेवारी, रात्री

वहिनी, चहा घेऊन बसा, मेल लांब आहे.

आपले कोच हारबॉ दोनदा बाहेर बसले हे खरं. पहिले तीन सामने विद्यापीठानेच बसवलं, कोविडच्या काळात नियम मोडून संघात घ्यायच्या खेळाडूंशी संपर्क केल्याच्या प्रकरणात. शेवटचे तीन बिग टेनने, म्हणजे आपल्या लीगने, खुणांच्या प्रकरणात. त्या दोन गोष्टी एकात कालवू नका.

आता खुणा. आपण मेंढीकोट खेळताना भिडूला डोळा मारतो. समोरच्याने तो डोळा ओळखला तर चूक कोणाची? डोळा मारणाऱ्याची. इथेही कोच पुढचा डाव हातवाऱ्यांनी सांगतो; मैदानात बसून समोरच्या कोचचे हातवारे ओळखले तर गुन्हा नाही. पण आदल्या आठवड्यात त्यांच्या घरी, म्हणजे त्यांच्या सामन्याला, माणूस पाठवून त्यांचा डाव फोनमध्ये उतरवून आणला, तर? तिथे नियम मोडतो. आरोप तोच आहे आणि तो मला धुऊन काढायचा नाही.

पण प्रकरण ऑक्टोबरात फुटलं आणि त्यानंतर समोरचे सगळे सावध झाले. खरा हंगाम त्यापुढचाच होता. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी पेन स्टेटला सामना. संघ प्रवासात असतानाच हारबॉंच्या शिक्षेची बातमी आली. सूत्रं सहायक कोच शेरोन मूर यांच्या हाती, आणि त्यांनी शेवटचे सलग ३२ डाव नुसता चेंडू हातात घेऊन पळवला. पास नाही, चकवा नाही. यात चोरायला खूण तरी कुठे होती? पुढचा डाव काय येणार हे स्टेडियममधल्या पाणीवाल्यालाही ठाऊक होतं, तरी पेन स्टेटला अडवता आलं नाही. २४-१५. जिंकल्यावर मूर टीव्हीवर ढसाढसा रडले.

मग २५ नोव्हेंबरचा ओहायो स्टेट. मी तिथे होतो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आपल्या पुढच्या फळीतल्या झॅक झिंटरचा पाय मोडला. लाखाच्या वर माणसं, आणि माझ्या मागच्या रांगेत थर्मासचं झाकण फिरवल्याचा आवाज मला ऐकू आला. दोन्ही पायांवर उभं राहून जो वाट मोकळी करून देतो, तोच गाडीवर आडवा. गाडी बाहेर गेली आणि पुढच्याच डावात आपला ब्लेक कोरम २२ यार्ड पळून टचडाऊन! पळून झाल्यावर त्याने बोटांनी सहा आणि पाच दाखवले. झिंटरचा नंबर ६५. ती खूण स्टेडियममधल्या प्रत्येकाने वाचली, तुमच्या ह्यांनीसुद्धा. शेवटी २५ सेकंद उरले असताना आपल्या रॉड मूरने त्यांचा पास मधेच पकडला, ३०-२४.

रोझ बोलमध्ये, म्हणजे उपांत्य सामन्यात, जादा वेळेत अलाबामाला शेवटचे तीन यार्ड हवे होते, त्यांचा मिलरो मधूनच घुसला आणि आपल्या पोरांनी त्याला तिथेच गाडला. ह्यूस्टनच्या अंतिम सामन्याचं काय सांगू, वॉशिंग्टनविरुद्ध ३४-१३, सगळ्यांनी पाहिलंय.

प्रेषक: नोव्हायच्या वहिनी
गुरुवार, ११ जानेवारी

काका, मेल सुरेख, पण मुद्दा निसटला. पकडल्यावर नीट खेळले म्हणून आधीच्या सामन्यांचं माफ होतं का? आमचा धाकटा परीक्षेत सापडला असता तर पुढच्या पेपरात पहिला आला म्हणून तुम्ही पेढे वाटले असते?

६५ मलाही आठवतंय. त्या दिवशी टीव्ही ह्यांनी बंद केला आणि मी परत लावला, एवढंच सांगते.

प्रेषक: कँटनकर काका
गुरुवार, ११ जानेवारी

पेढे वाटले नसते. पण पुढचा पेपर त्याने स्वतः लिहिला हे मात्र चार लोकांत सांगितलं असतं.

प्रेषक: चिटणीस
गुरुवार, ११ जानेवारी, रात्री

दोघांनीही थांबावं, यादीवर १४० माणसं आहेत आणि निम्म्यांना डाऊन म्हणजे काय हेही माहीत नाही.

हॉलवाल्यांना विचारलं, सोमवार मोकळा आहे. १५ तारखेला खुद्द संक्रांत, वर मार्टिन ल्यूथर किंग डेची सुट्टी. मग शनिवार ठरवला कोणी, म्हणून मागच्या सभेचं इतिवृत्त काढलं. ते माझ्याच हस्ताक्षरात आहे, तेव्हा तो विषय इथे संपला. कार्यक्रम सोमवारी, चार वाजता.

प्रेषक: नोव्हायच्या वहिनी
शुक्रवार, १२ जानेवारी

पोळ्या सोमवारपर्यंत टिकतील. हे यायला तयार आहेत, फक्त काकांच्या टेबलावर बसवू नका. आणि काका, शनिवारी रस्त्यावर तासन्‌तास उभे राहणार असाल तर कानटोपी घाला, वादळाचा इशारा आहे.