आमदारांचा कार्य अहवाल : हिशेब की अल्बम?

मानेवाडेकर
पाडव्याला आमच्या नागपुरातल्या आमदारांचा वर्षभराचा कार्य अहवाल घरी आला. चोवीस पानं, गुळगुळीत कागद, सोबत साखरेची गाठी. निवृत्त माणूस मी, मोजतच बसलो. तान्हा पोळ्याची बक्षिसं, हळदीकुंकू, कोजागिरीचं दूध, चष्मेवाटप. भूमिपूजनं चौदा. झालेली कामं चार!

त्या चारांत आमची गल्ली आहे. 'सिमेंट रस्ता – पूर्ण'. खोटं नाही, पूर्णच आहे. जुना डांबरी न खरवडता त्याच्यावरच काँक्रीट ओतलं. आधी रस्त्यावरून घरात यायला दोन पायऱ्या चढायचो, आता एक उतरतो. मृग लागला की फाटकात वाळूची पोती. फोटो अर्थातच उन्हाळ्यातला.

आमदार निधी वर्षाला ५ कोटी. आमदार कामं सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात, करणारे आणखी तिसरेच. मग कामापुढे तेवढं छापा ना : पैसा कुठला, मंजुरी कधीची, काम कोणाकडे, अडलं तर कुठे. हळदीकुंकवाला किती बाया आल्या ते मला कशाला?

तर्रीपोहा
काका, रागावू नका, पण चष्मेवाटपाला हसणं सोपं आहे. माझ्या आजीचे श्रावणबाळ पेन्शनचे महिन्याला १५०० रुपये सुरू झाले ते अशाच एका शिबिरातून. उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार. त्या एका दाखल्यासाठी तिच्या ऑटोनं तीन चकरा झाल्या होत्या. कधी साहेब नाही, कधी सर्व्हर नाही. मांडवात पटवारी, सेतूवाला, फोटोवाला सगळे एका रांगेत बसले होते. एका दुपारी फॉर्म गेला. तुमच्या त्या अल्बमात मागच्या खुर्चीवर निळ्या लुगड्यातली म्हातारी दिसते ना, ती आमचीच.

मानेवाडेकर
आजीचं काम झालं, बरंच झालं. पण तीन चकरा का झाल्या, हे कोणी विचारायचं? दाखला खिडकीवर मिळाला असता तर मांडव कशाला लागला असता? १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं अधिवेशन आपल्या दारात भरते. मोर्चे, बंद रस्ते, सगळं आपण सोसतो. त्या अधिवेशनात आमदारांनी काय विचारलं याची एक ओळ चोवीस पानांत नाही.

झिरोमाईल
मार्च २०२२ मध्ये मनपाची मुदत संपली, निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात नगरसेवकच नाही. नालीचं झाकण फुटलं, चला आमदाराच्या ऑफिसात. कुत्रं चावलं, आमदाराच्या ऑफिसात. नगरसेवकाची कामं त्यांच्या गळ्यात आपणच घातली, आणि आता विचारता विधानसभेत काय बोलले! तुम्हीसुद्धा रस्त्यासाठीच गेले असाल, काका. कायद्यासाठी कोण जाते?

मानेवाडेकर
रस्त्यासाठीच गेलो होतो. कबूल.

नागनदीकाठी
मला दोन्हीकडचं पटते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या बैठकीत फ्रिज तरंगत होता. उजाडल्यावर पहिले खिचडीचे डबे घेऊन कोण आले? मंडळाचे पोट्टे. जे कार्यक्रमात खुर्च्या मांडतात, तेच. कोणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कोणाला इन्सुलिन लागते, हे त्यांना पाठ होतं. कोजागिरीचं दूध वाटतावाटता ही ओळख होते, ती उगाच उडवू नका.

पण त्या डब्यांचे फोटो पुढे एका पत्रकात नेत्याच्या नावाखाली पाहिले, तेव्हा डोकं फिरलं. पोट्ट्यांनी घरोघरी वर्गणी केली होती हो. माझ्या भावानं पाचशे दिले होते.

महालवाली
राजेहो, कागद कशाला वाचता? आपल्याकडचा खरा वार्षिक अहवाल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते. मारबत म्हणजे वाईटाला गावाबाहेर नेणारा मोठा पुतळा; काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, आणि टोमणे मारणारे पुतळे, म्हणजे बडगे, दरवर्षी नवे. काकाच्या पायरीचा बडग्या करा. घेऊन जा गे मारबत!

तर्रीपोहा
बडग्यानं पायरी वर येत नाही, ताई. शनिवारी अकरा वाजता ऑफिसात या, काका. मी तिथेच बसतो. हो, कार्यकर्ता आहे, लपवत नाही. तुमच्या रस्त्याचं इस्टिमेट मागवू. त्यात जुना रस्ता खरवडायचे पैसे धरले होते का, तेवढं पाहू. धरले असतील तर तुमच्या आधी मी भांडतो.

मानेवाडेकर
तरीच निळं लुगडं इतकं बरोब्बर सापडलं! येतो. टेप आणि अहवाल दोन्ही आणतो, सतराव्या पानावर पेनानं खूण केली आहे. गाठी मात्र परत मागू नका, ती नातवानं त्याच दिवशी संपवली.