नवा राउटर लावला तरी नेट येतं-जातं, कंपनीचा माणूस म्हणतो राउटरच खराब

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला वाघबीळच्या पुढे राहतो, नवी बिल्डिंग, टू बीएचके. फायबरचं कनेक्शन आहे, २०० एमबीपीएसचा प्लॅन. बिल्डरने मेन डोअरच्या मागे भिंतीत एक लोखंडी बॉक्स दिलाय, एमसीबीचा असतो तसा, त्यात कंपनीचा पोरगा त्यांचा डबा (ओएनटी म्हणतात तो, फायबर ज्याला येऊन लागते) बसवून, दार लावून गेला. तिथून हॉलमध्ये आणि आतल्या बेडरूममध्ये भिंतीतून केबल आधीच टाकलेली आहे, जॅक पण आहेत. आतल्या खोलीत रेंज शून्य म्हणून मी ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालणारा) राउटर घेतला, बेडरूमच्या जॅकमधनं केबल काढून राउटरच्या मागे एका पिवळ्या पोर्टला लावली, नाव-पासवर्ड टाकला आणि लगेच चालू झालं.

आता त्रास असा की वायफायच्या काड्या फुल पण मधेच 'इंटरनेट नाही' असं येतं, थोड्या वेळाने आपोआप येतं, कधी बायकोचा फोन चालतो पण माझा लॅपटॉप नाही, कधी बरोब्बर उलटं. संध्याकाळी सगळे घरी आले की जास्तच. रात्री क्लायंटचे कॉल असतात, अर्ध्या वाक्यात गायब होतो मी. तक्रार केली, पोरगा आला, डब्यालाच थेट लॅपटॉप लावून स्पीड टेस्ट केली, १९८ आले, म्हणाला "आमची लाइन ओके आहे साहेब, तुमचा राउटर बदला". आणि एक गंमत, सेटिंग बघायला १९२.१६८.१.१ टाकलं की कधी नव्या राउटरचं लॉगिन येतं, कधी कंपनीच्या डब्याचं. राउटर परत करायची मुदत संपत आलीय, करू का परत?

नेरूळचा_पश्या
डीएनएस बदल भावा. ८.८.८.८ नाहीतर १.१.१.१ टाक, माझं पळायला लागलं होतं.

तारमास्तर
घोडबंदरकर, राउटर परत करू नका, तो ठणठणीत आहे. आणि पश्या, डीएनएसचं काम फक्त साइटच्या नावावरून पत्ता काढून द्यायचं, कंपनीचा डीएनएस सुस्त असेल तर बदलून फरक पडतो पण एका घरात एकाच वेळी एकाचं चालू आणि दुसऱ्याचं बंद, हे डीएनएसचं लक्षण नाही. दरवेळी कोणीतरी ८.८.८.८ चं औषध देतोच.

घोडबंदरकर, तुम्ही ज्याला गंमत म्हणताय ना तिथेच सगळा घोळ आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घर-ऑफिसच्या आतल्या खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेत, त्यामुळे डबा बनवणारा काय आणि राउटर बनवणारा काय, कारखान्यातून बरेचदा १९२.१६८.१.१ हाच टाकून पाठवतात. तुम्ही केबल पिवळ्या पोर्टला लावली म्हणजे लॅनला (घरातली यंत्रं जोडायचा पोर्ट). त्यामुळे आता तुमच्या एकाच नेटवर्कमध्ये दोन यंत्रं बसलीत, दोघांचा पत्ता एकच आणि दोघंही आल्या-गेल्याला आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, वाटतायत (याला डीएचसीपी म्हणतात). तुमचा लॅपटॉप विचारतो, १९२.१६८.१.१ कोण? डब्याने आधी हात वर केला तर नेट चालतं. नव्या राउटरने केला तर सगळं तिकडे जातं, आणि त्याच्या वॅन पोर्टला (बाहेरून येणारं नेट घ्यायचा) तर काहीच लावलेलं नाही, मग तो कुठून देणार नेट! थोड्या वेळाने लॅपटॉप परत विचारतो, तेव्हा डबा सापडतो आणि 'आपोआप आलं'. संध्याकाळी घरी आलेला प्रत्येक फोन नव्याने जोडला जातो म्हणून तेव्हा त्रास जास्त.

खात्री करायची असेल तर लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून एआरपी, स्पेस, मायनस ए टाइप करा. १९२.१६८.१.१ च्या समोर जो लांबलचक मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा वेगळा नंबर) येईल तो लिहून ठेवा, नेट गेल्यावर परत बघा. मॅक बदललेला दिसला की समजा चोर सापडला.

पोराने डब्यावर टेस्ट केली ती खोटी नाही, लाइन चांगलीच आहे. पण त्याने तुमची बेडरूमची केबल काढूनच टेस्ट केली असणार, म्हणजे भांडणारा दुसरा गडी बाहेर काढून मग म्हणायचं बघा कसं शांत आहे.

उपाय दोन आहेत. एक, केबल काढून राउटरच्या वॅन पोर्टला लावा (बहुतेक निळा असतो, वेगळा दिसतो) आणि राउटरचा स्वतःचा लॅन पत्ता १९२.१६८.५०.१ वगैरे करा, काही नवे राउटर हे आपलं आपण करतात. पण यात घरात दोन वेगळी नेटवर्क होतात, हॉलमधला टीव्ही डब्यावर असेल आणि फोन राउटरवर असेल तर फोनवरचं टीव्हीवर टाकता येणार नाही. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर दुसरा केला असता, राउटर ॲक्सेस पॉइंट मोडला टाका. मग त्याचं आयपी वाटणं बंद होतं, तो फक्त वायफाय देतो, मालक एकटा कंपनीचा डबा. केबल कुठल्या पोर्टला ते सोबतच्या कागदावर बघा, बऱ्याच मॉडेलमध्ये या मोडला वॅन चालतो. मोडच नसेल तर हाताने करा: आधी राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (डबा वाटत नाही अशा आकड्यातला हवा), मग डीएचसीपी बंद, आणि केबल लॅनलाच राहू द्या. हे सगळं करताना भिंतीची केबल काढून ठेवा, लॅपटॉप थेट राउटरला लावा, नाहीतर बदल एकात कराल आणि सेव्ह दुसऱ्यात होईल.

खारघरची_आर्या
मास्तरांचं बरोबर आहे पण तो लोखंडी बॉक्स कोणी बोललंच नाही. बिल्डर लोकांना काय वाटतं देव जाणे, वायफायचं यंत्र पत्र्याच्या पेटीत घालायचं आणि वर दार लावायचं! पत्र्यातून वायफाय जात नाही, जे बाहेर पडतं ते फटीतून. आमच्याकडे पण सेम होतं. डब्याला आतच राहू द्या, फायबरला हात लावू नका (वाकवली की गेली), पण डब्याचं वायफाय बंद करून टाका, नाहीतर फोन त्याच मेलेल्या सिग्नलला चिकटून बसतात. आणि ॲडॅप्टर पण त्याच बॉक्समध्ये असेल तर दाराला भोकं आहेत का बघा, उन्हाळ्यात हात लावून बघितलं तर चटका बसतो.

दुसरं म्हणजे टॉवरमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर मरणाची गर्दी असते, वर-खाली-समोर सगळ्यांची नावं दिसतात यादीत. ते ऑटोवर न ठेवता चॅनल १, ६ किंवा ११ यातलं जे मोकळं दिसेल ते द्या, एवढे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. लोक हुशारी करून ३ नाहीतर ८ टाकतात, मग दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी मारामारी. कॉल ज्या लॅपटॉपवर करता तो ५ गिगाहर्ट्झवर घ्या, दोन्ही बँडना वेगळं नाव दिलंत तर कळतं तरी कशावर आहे. ५ वाला भिंतीतून फार जात नाही, पण तुमचा राउटर त्याच खोलीत आहे म्हटल्यावर प्रश्नच नाही.

नेरूळचा_पश्या
बरं बाबा डीएनएस नाही तर नाही 😄 पण आमच्या सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये प्रकार वेगळा आहे तो पण लिहून ठेवतो, कोणाच्या कामी येईल. लोकल केबलवाल्याचं नेट, फायबर शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीपर्यंतच, तिथे स्विच आणि तिथून साधी काळी केबल हवेतून आमच्याकडे. मी हौसेने राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावला, आमची लाइट गेली तरी नेट चालू म्हणून कॉलर ताठ. आणि मग घरात लाइट असताना नेट गायब! कारण त्या गच्चीवरची लाइट गेलेली. आता नेट गेलं की आधी खिडकीतून त्या बिल्डिंगचा जिना बघतो, अंधार असेल तर कॉल सेंटरला फोन करून डोकं फिरवून घेत नाही.

तारमास्तर
पश्या, हे मात्र कामाचं लिहिलंस. ज्यांचं फायबर थेट घरात आहे त्यांनी जिन्याऐवजी डब्याचे लाइट बघायचे. पॉन लिहिलेला हिरवा स्थिर म्हणजे लाइन ठीक, लॉस लिहिलेला लाल लुकलुकला की फायबरमध्येच गडबड, मग राउटर रिसेट करून काही उपयोग नाही, सरळ तक्रार. घोडबंदरला खोदकाम चालूच असतं, तिथे हे होणारच. लाल नाही पण पावसात नेट रडतंय असं असेल तर डब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर (फायबरमधून येणाऱ्या उजेडाची ताकद, डीबीएममध्ये) दिसते ती बघा. उणे २० च्या आसपास असेल तर मजेत, उणे २७ च्या खाली गेली असेल तर जॉइंट खराब किंवा फायबर कुठेतरी दाबली गेलीय. तक्रारीत तो आकडाच लिहायचा, मग "राउटर बंद करून चालू करा" हा पाठ कमी ऐकावा लागतो.

घोडबंदरकर
मास्तर, मॅक खरंच बदलत होता! ॲक्सेस पॉइंट मोडला टाकला, डब्याचं वायफाय बंद केलं, आर्याताई म्हणाल्या तसं चॅनल ११ दिलं. काल रात्रीचा अख्खा कॉल एकदाही न तुटता झाला, बायकोने पण विचारलं आज भांडण कसं नाही लॅपटॉपशी. आता एकच, बेडरूममध्ये स्पीड ९४ च्या वर जातच नाही, वायफायवर पण आणि राउटरला वायरने लावलं तरी पण. डब्यावर तर १९८ येतात. राउटरचे सगळे पोर्ट गिगाबिट आहेत, बघितलं. प्लॅनचे पैसे २०० चे भरतोय की हो.

तारमास्तर
९३-९५ ला अडकलं म्हणजे मधली लाइन १०० वर जोडली गेलीय, हा आकडा इतका ठरलेला आहे की न बघता सांगता येतं. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. १०० ला केशरी आणि हिरवी एवढ्या दोनच पुरतात, गिगाबिटला आठही तारा धड लागतात. बेडरूमच्या जॅकची प्लेट उघडा आणि निळी आणि तपकिरी जोडी कुठे जाते बघा. शेजारी फोनचा जॅक आहे का?

घोडबंदरकर
आहे! आत्ताच उघडला. निळी जोडी फोनच्या जॅकला दिलीय आणि तपकिरी नुसतीच गुंडाळून मागे कोंबलीय. लँडलाइन तर कधी घेतलीच नाही आम्ही.

तारमास्तर
मग काढा ती फोनची. जॅकच्या आत ए आणि बी असे दोन रंगक्रम छापलेले असतात, लोखंडी बॉक्समधल्या टोकाला जो आहे तोच इथे ठेवा, आणि त्या टोकाला पण आठही तारा आहेत ना ते आधी बघा, बहुतेक तिथेही चारच असणार. तारा जॅकमध्ये दाबून बसवायचं पंचिंग टूल लागेल, नसेल तर सीसीटीव्हीवाल्याला बोलवा, इलेक्ट्रिशियनला नको. जोड्यांचा पीळ जॅकच्या अगदी जवळ येईपर्यंत सोडायचा नाही, हे त्याला सांगा.

खारघरची_आर्या
आणि हॉलचा जॅक पण त्याच माणसाने केला असणार, एकाच फेरीत दोन्ही करून घ्या.