मदत हवी आहे : इनाम सनदेतला आकार, जुडी आणि वर्ष जुळत नाही

दप्तरशोधक
दोन कागद समोर आहेत. पहिला मोडी, अर्धा चावर जमीन इनाम, 'सन खमस सबैन मया व अलफ'. दुसरा इंग्रज सरकारची छापील सनद, १८६४. तिच्यात क्षेत्र ४६-१८-८, आकार (जमिनीवर ठरवलेला पूर्ण सारा) रु. १९-८-० (रुपये-आणे-पै), दरसाल भरणा रु. ६-१-६.
अडलंय ते असं. जुडी (इनाम जमिनीवरचा कमी दराचा सारा) आकाराच्या चौथाई असते म्हणतात, मग ४-१४-० यायला हवी, ६-१-६ कशी? अर्धा चावर म्हणजे ६० बिघे, मग ४६ एकरच का? आणि मोडी कागदाचं वर्ष ५९० मिळवून १७६५ आलं, पण शिक्क्यात 'माधवराव नारायण' आहे. लेख परवा द्यायचाय, तेव्हा 'पेशवे दप्तरात जाऊन बघा' एवढंच उत्तर नको.

रुमाल_७
जिल्हा, तालुका? इनाम जात इनाम (व्यक्तीला दिलेलं) आहे, देवस्थान की वतन (चाकरीसाठीचं)? छापील सनदेच्या मथळ्यात कुठला कायदा?

दप्तरशोधक
जिल्ह्याचा इथे काय संबंध? प्रश्न हिशेबाचा आहे.

रुमाल_७
हिशेब जिल्ह्यावरच ठरतो. दख्खन, खानदेश आणि दक्षिण मराठा मुलखाला १८६३ चा मुंबई कायदा २ लागू होता, गुजरात-कोकणाला त्याच वर्षीचा कायदा ७. चाकरीची वतनं आणि सरंजाम (लष्करी चाकरीच्या जहागिरी) यांचा मार्गच निराळा. मथळा वाचल्याशिवाय सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

भोगवटा
ही इनामं १९५२ च्या कायद्याने गेली. जमीन परत मिळायची असेल तर आधी ७/१२ वर भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते पाहा. वर्ग २ असेल तर नजराणा भरून…

दप्तरशोधक
जमीन परत नकोय. मला १८६४ ची सनद समजून घ्यायची आहे. इंदापूर तालुका, पुणे जिल्हा. जात इनाम. मथळ्यात १८६३ चा कायदा २ असंच आहे.

रुमाल_७
मग सोपं आहे. त्या कायद्यातल्या सरसकट तडजोडीत दोन रकमा असतात. आकाराच्या दर रुपयाला चार आणे जुडी, आणि वारस व खरेदी-विक्रीवरचे सरकारचे हक्क सोडल्याबद्दल दर रुपयाला एक आणा सालाना नजराणा. १९-८-० ची चौथाई ४-१४-०. साडेएकोणीस रुपयांवर नजराणा साडेएकोणीस आणे, म्हणजे १-३-६. बेरीज ६-१-६. तुमची सनद पैपर्यंत बरोबर आहे.

जमाबंदी
बेरीज बरोबर, पण यावरून सगळ्यांनाच पाच आणे बसले असा समज नको. ज्यांचा हक्क इनाम कमिशनने चौकशी करून आधीच वंशपरंपरा ठरवला होता त्यांना ती चौथाई लागत नव्हती. फक्त आण्याचा नजराणा भरून जमीन विक्रीयोग्य करून घेता यायची. चौथाई ही चौकशी टाळण्याची किंमत होती. १८५२ च्या कायदा ११ खालच्या चौकशीत जुने कागद सादर करताना लोक मेटाकुटीला आले होते, म्हणून अनेकांनी ती दिली. लेखात हे लिहाच, नाहीतर तडजोड सरकारची मेहेरबानी वाटेल.

मोडीप्रेमी
वर्षाचा घोळ आधी सोडवा. खमस ५, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. झाले ११७५. शब्दांत लिहिलेला हा अरबी आकडा शुहूर सनाचा (मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना) असतो. त्यात ५९९ मिळवायचे, म्हणजे १७७४-७५. तुम्ही फसलीचे (महसुली सनाचे) ५९० मिळवलेत, म्हणून नऊ वर्षं मागे गेलात. वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे जानेवारी ते मेमधला कागद असेल तर ६०० धरा.

जमाबंदी
दख्खनचं फसली वर्षही मृगालाच सुरू होतं. मग हा फसली नाही कशावरून?

मोडीप्रेमी
शिक्क्यावरून. १७६५ ला गादीवर थोरले माधवराव, त्यांच्या शिक्क्यात 'माधवराव बल्लाळ'. 'माधवराव नारायण' म्हणजे सवाई माधवराव, त्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली १७७४ मध्ये. 'सबैन'च्या जागी 'तिसैन' तर नाही ना, हेही भिंगाखाली पाहा. तिसैन म्हणजे ९०, वाचनात गल्लत झाली की वीस वर्षांचा फरक पडतो.

शंकूसाखळी
क्षेत्राबद्दल. जमीन गेलेली नाही. बिघा म्हणजे २० पांड, पांड म्हणजे २० चौरस काठ्या, पण काठी गावोगाव वेगळी. बऱ्याच ठिकाणी पाच हात पाच मुठी. हातच कमी-जास्त, तर बिघा एकसारखा कसा राहील? इंग्रजांची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. तुमच्या ४६-१८-८ मधला ८ म्हणजे आठ आणे, अर्धा गुंठा. आकारातला आणा हा पैशाचा, आणि प्रतबंदीत जमिनीची प्रतही आण्यांतच. पावणेदोन हात खोल काळी सोळा आणे, हातभर खोल दहा आणे, पाव हात साडेचार. या तीन आण्यांची गल्लत झाली की सगळं प्रकरण चुकतं. तुमच्याकडे बिघा साधारण ३१ गुंठ्यांचा पडतो, त्यात वावगं काही नाही. त्याच गावच्या दुसऱ्या इनामाशी ताडून पाहा, तोच भाव निघायला हवा.

जमाबंदी
इंदापूर म्हणताय तर आकार कुठला तेही पाहा. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची सारा ठरवण्याची पाहणी १८३० च्या सुमारास लागू झाली, निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के मागणी होती, शेतं ओस पडली…

शंकूसाखळी
प्रिंगलचा इथे संबंध नाही. सनदेतला आकार १८३६ च्या, गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी केलेल्या जमाबंदीचा (साराआकारणीचा) आहे. मुदत तीस वर्षांची, ती १८६४ ला चालूच होती.

जमाबंदी
संबंध आहे. प्रिंगलचे दर मोडले म्हणून तर विंगेटने ते उतरवले, आणि उतरलेल्या आकारावर जुडी कायमची गोठली. १८६७ च्या फेरजमाबंदीत शेजारच्या रयतेचा आकार वाढला, इनामदाराची जुडी तेवढीच राहिली. लेखाचा कणा हाच आहे.

दप्तरशोधक
हे खरंच उपयोगी. भिंगाखाली पाहिलं, 'सबैन'च आहे. सनदेच्या मागे 'नंबर ४१' आहे. आजच्या नकाशात ४१ दुसऱ्याच टोकाला आहे, गावाच्या उत्तरेला. आमचं क्षेत्र ओढ्याकाठी.

शंकूसाखळी
ते आधीच सांगायला हवं होतं. ४१ हा पहिल्या मोजणीचा नंबर. फेरमोजणीत मोठे नंबर फोडले की पुढचे सगळे आकडे सरकतात. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख कार्यालयात नकलेचा अर्ज करा. अर्जात 'जुने रेकॉर्ड' असं मोघम लिहू नका, कागदाचं नाव लिहा : फेरजमाबंदीचं शेतवार पत्रक, त्यात जुन्या नंबराचा रकाना असतो. मग त्या नंबराचं टिपण (मोजणीची नोंद) आणि गुणाकार (क्षेत्राचा हिशेब). गावात गट पडले असतील तर एकत्रीकरण योजनेचा उतारा, त्यात सर्व्हे नंबरावरून गट सापडतो. दुमाला (इनाम) जमिनींसाठी गाव नमुना ३ वेगळा मागा. सगळे तुकडे मिळाले की क्षेत्राची बेरीज ४६-१८-८ शी ताडा, पोटखराबा (लागवडीला अयोग्य भाग) धरून एकदा आणि वगळून एकदा. ओढ्याकाठची जमीन आहे, तेव्हा फरक बहुधा तिथेच निघेल.