‘गरीब देश फक्त मागे आहेत’ हे पुरेसं नाही

अनेकदा म्हटलं जातं की गरीब देश श्रीमंत देशांच्याच वाटेवर जरा मागे आहेत. ही अमेरिकी अर्थतज्ज्ञ रोस्टोची १९६० ची मांडणी: विकासाचे पाच टप्पे, सगळ्यांना तेच. पण अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना सारखे लागू होत नाहीत, हे न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्येच आपल्या डेक्कन कॉलेजात सांगितलं होतं!

प्रेबिश आणि सिंगर या अर्थतज्ज्ञांचा मुद्दा इथे कळीचा आहे: कच्चा माल विकणाऱ्या देशांना यंत्रं हळूहळू महाग पडत जातात. समजा, एका ट्रॅक्टरला आज १०० पोती कॉफी द्यावी लागते. उत्पन्न वाढलं म्हणून कुणी दुप्पट कॉफी पीत नाही, यंत्रांची मागणी मात्र वाढते. शिवाय कॉफीचं उत्पादन वाढलं की भाव पडतो. यंत्रांच्या कारखान्यात उत्पादकता वाढली की संघटित कामगारांचा पगार वाढतो. पुढे त्याच ट्रॅक्टरला १३० पोती लागतात.

मात्र श्रीमंत देशांवरच्या अवलंबनामुळे गरीब देश गरीबच राहतात, हा परावलंबन सिद्धांत दक्षिण कोरियापाशी अडतो, कारण तो देश पुढे गेला. तिथे जमीनसुधारणा झाल्या, स्वस्त कर्ज निर्यातीच्या कामगिरीशी बांधलं गेलं. समाजशास्त्रज्ञ वॉलरस्टीनचा ‘अर्धपरिघ’ (१९७४) श्रीमंत केंद्र आणि गरीब परिघ यांच्या मधल्या अशा देशांसाठीच आहे. पण नुसते कारखाने आले म्हणजे झालं असं नाही: चाकणला परदेशी ब्रँडची गाडी जुळते, रॉयल्टी मुख्यालयाकडे जाते. म्हणून कारखाने मोजण्याआधी पेटंट कुणाच्या नावावर आहे ते बघा.