मदत हवी आहे: झाडं लावलेल्या शेतात तण माजलंय, रविवारी माणसं येणार आहेत

माळकरी:
वडिलोपार्जित वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. पूर्वी नाचणी-वरई व्हायची, मग पंधरा वर्षं पडीक. तीन वर्षांपूर्वी शेती नको, रानच परत येऊ दे म्हणून हिरडा, जांभूळ, ऐन लावले. यंदा पाऊस संपल्यावर गेलो तर तण डोक्यावरून गेलंय, रोपं शोधावी लागतात. रविवारी ब्रशकटरवाले येणार आहेत. कापून पेटवू की फवारू? लवकर सांगा.

शेतीनिवृत्त:
मेक्सिकन भुंगेरे सोडा. 1984 पासून आपल्याकडे गाजर गवतावर सोडतात. आमच्या बांधावर पानं चाळणीसारखी केली होती, डोळ्यांनी पाहिलंय.

कढीपत्ता:
अहो, गाजर गवत आहे असं ते म्हणाले कुठे? @माळकरी, तण कोणतं? गाव कुठलं? जागा किती?

माळकरी:
गाजर गवत नाही हो. नेहमीचंच, सगळीकडे असतं ते. भोरच्या पुढे, दोन एकर.

कुदळवाला:
सगळीकडे घाणेरीपण असते. खोडाला बारीक काटे आहेत का? की काटे नाहीत, पानावर तीन ठळक शिरा आणि चुरगळलं की उग्र वास?

आजोळ:
घाणेरीची काळी फळं लहानपणी खूप खाल्लीत! कर्नाटकात तिच्या काड्यांच्या खुर्च्या करतात. बघा, जोडधंदा होईल.

माळकरी:
काटे नाहीत. शिरा तीन. खुर्च्या नकोत.

कुदळवाला:
मग रानमोडी. ब्रशकटरवाल्यांना नको म्हणून कळवा. बुडखा राहिला की त्याला चार फुटवे येतात, मी यात दोन वर्षं पैसे घालवलेत. जमिनीत ओल आहे तोवर कुदळीने मुळासकट काढा. दोन एकर एका रविवारात होत नाही, आधी रोपांभोवती दोन-दोन हात मोकळं करा. उरलेलं तूर्त बी धरायच्या आत नुसतं कापा, मुळं नंतर काढा. बी केसाळ असतं, वाऱ्याने कुठल्या कुठे जातं.

शेतीनिवृत्त:
एवढी मजुरी कोण देणार? पेटवा. राखेचं खत होतं.

कढीपत्ता:
आणि तीन वर्षांचे हिरडे? वाळली रानमोडी टेंभ्यासारखी पेटते, आणि वणव्यानंतर पुन्हा तीच पहिली फुटते. फवारणीचं म्हणाल तर ग्लायफोसेट हे तणनाशक व्यावसायिक कीडनियंत्रकांखेरीज कुणी वापरायचं नाही, असा आदेश केंद्राने 2022 मध्ये काढला होता.

डांबरी:
सुबाभूळ लावा. सावलीने तण मरतं.

कढीपत्ता:
सावलीचं बरोबर, सुबाभळीचं नाही. तीही बाहेरचीच. दहा वर्षांनी ती कशी काढायची म्हणून दुसरा धागा निघेल.

आजोळ:
गंमत म्हणजे आपल्याकडे गाजर गवत ते काँग्रेस गवत, आणि केरळात रानमोडी म्हणजे कम्युनिस्ट पच्चा!

शेतीनिवृत्त:
राजकारण नको.

कुदळवाला:
@माळकरी, गुरं येतात का तिकडे?

माळकरी:
येतात की. कुंपण नाही. त्याचा काय संबंध?

कुदळवाला:
तोच तर संबंध. गुरं गवत खातात, रानमोडीला तोंड लावत नाहीत. तुम्ही मोकळी केलेली जागा गवताने धरली नाही तर पुढच्या पावसात परत हेच. निदान दोन पावसाळे काटेरी फांद्यांचं कुंपण घाला.

माळकरी:
मजुरांना विचारलं. कुदळीचं काम असेल तर रोज वाढवून द्या म्हणतात. तुमच्याकडे मजुरीचा दर काय चाललाय?

डांबरी:
ते असू दे, भोरकडे गुंठ्याचा भाव काय सध्या?